सोडलेली ओळ

पाहुण्यांची गादी पिंजायला द्यायची होती, मी आमचीच देऊन आलो.

यात चुकण्यासारखं काही नव्हतं. पाहुण्यांची गादी लाल, आमची निळ्या पट्ट्यांची. ती दिवाणावर असते, ही पलंगावर. बायकोचा भाऊ पोराबाळांसह कळंबहून येणार म्हणून हिनं मला सकाळी तीनदा सांगितलं. तिसऱ्यांदा तर मनगट धरून दिवाणापाशी नेऊन सांगितलं. मी तिन्ही वेळा मान हलवली, चहा प्यायलो, पलंगावरची गादी गुंडाळली, ऑटोत कोंबली आणि शब्बीरभाईच्या पिंजणीत टाकून शाळेत निघून गेलो. गेली बावीस वर्षं ज्या गादीला मी कोणाला हात लावू दिला नाही, तीच. आईच्या हातची आहे, घरच्या कापसाची आहे, असं म्हणून मी ती जपली होती. जपून जपून तिच्या मधोमध दरी पडली होती आणि दोन्ही कडांना टेकड्या आल्या होत्या. आम्ही नवरा-बायको आपापल्या टेकडीवर झोपायचो. ही म्हणायची, याच्यापेक्षा फरशी मऊ. मी म्हणायचो, घरचा कापूस आहे. ही म्हणायची, घरचा हाय म्हणून का त्यानं दगड व्हावं?

यवतमाळच्या एका शाळेत मी प्रयोगशाळा सहायक आहे. विज्ञानाशी माझं नातं परीक्षानळ्या धुण्याचं. त्या दुपारी नळ्याच धूत होतो, तेवढ्यात शब्बीरभाईचा फोन आला. आवाज दबका.

"भाऊ, तुमच्या गादीतून काही निघालं."

मला वाटलं, उंदीर.

"चिठ्ठी हाय. काळ्या दोऱ्यानं बांधेल. मी खोलली नाही. मशीन बंद करून बसलो. तुम्ही या."

गेलो. पिंजणीचं शटर अर्धं खाली ओढलेलं. आमची गादी पोट फाडून पडलेली, तिचा पिवळट कापूस एका बाजूला, आणि स्टुलावर, दगडाखाली, करंगळीएवढी एक गुंडाळी. शब्बीरभाई तिच्यापासून चार हात लांब उभा. वहिनीले एकदम सांगू नका, म्हणाला, आधी कोण्या जाणकाराले दाखवा. गादीत काळा दोरा म्हणजे कोणीतरी काहीतरी केल्याशिवाय राह्यत नाही.

मी दगड उचलला. दोऱ्याची गाठ पाहिली. ती गाठ मी जगात कुठेही ओळखली असती.

"करणी नाही शब्बीरभाई," मी म्हणालो, "इंग्रजी आहे."

त्याच्या चेहऱ्यावरची काळजी काही कमी झाली नाही.

चिठ्ठी मी लगेच उघडली नाही. खिशात ठेवली आणि तिथल्याच एका पोत्यावर बसलो. जुना कापूस मोकळा झाला की त्याला एक वास येतो. थोडा सरकीच्या तेलाचा, थोडा उन्हात तापलेल्या धुळीचा, आणि खाली कुठेतरी अगदी पुसट, फवाऱ्याच्या औषधाचा. शब्बीरभाई म्हणेल तसा वास काही येत नाही. पण मला आला. आणि वास आला की माझं काही खरं नसतं.

त्या वर्षांत कापूस घरात राहायचा. आमचं गाव बोरी अरबच्या पुढे, फाट्यावरून आत. घराला तीन खोल्या, त्यातली पुढची, सर्वांत मोठी, दिवाळीनंतर कापसाची व्हायची. वेचणीचा कापूस, म्हणजे वेचा, आला की ओतायचा, वेचा आला की ओतायचा. डिसेंबरपर्यंत गंजी खिडकीच्या वर जायची आणि खिडकी बंद व्हायची ती कापूस विकेपर्यंत. आणि कापूस विकला जायचा नाही. पुढच्या आठवड्यात भाव वाढन, असं बाबा म्हणायचे. गावातली सगळी माणसं हेच वाक्य एकमेकांना सांगायची, जसं काही दुसऱ्यानं सांगितलं की ते खरं होणार. होळी यायची, गंजी तिथंच. उन्हं तापली की कापसाला बारीक कीड लागायची, अंगाला खाज सुटायची, आणि पाहुणा आला तर तो दारातच बसायचा, खाजवत. घराघरातून खाजवणारी माणसं, हा आमच्या गावचा उन्हाळा.

पण हिवाळ्यात ती गंजी म्हणजे स्वर्ग होता. सकाळी अंगणात दवानं चप्पल ओली व्हायची आणि आत गंजीच्या पोटात ऊब. मांजर तिथंच व्यायची. आवाज कसलाच यायचा नाही. कापूस सगळे आवाज पिऊन टाकतो. आईनं चुलीपाशी हाक मारली तर ती दुसऱ्या गावाहून मारल्यासारखी ऐकू यायची. अभ्यासाला याहून चांगली जागा नाही, असं मी घरात जाहीर केलं होतं. अभ्यास नीट झाला असता तर माझं म्हणणं खरं ठरलं असतं.

दहावीपर्यंत मी मराठीत हुशार होतो. म्हणजे मराठी माध्यमात. अकरावीला दारव्ह्याच्या कॉलेजात सायन्स घेतलं आणि पहिल्याच दिवशी माझी हुशारी बसस्टँडवर राहिली. सगळं इंग्रजीत. बेडूक इंग्रजीत, मीठ इंग्रजीत, पाणीसुद्धा इंग्रजीत. शिक्षक फळ्याकडे तोंड करून बोलायचे आणि आम्ही त्यांच्या पाठीकडे पाहत लिहायचो. काय लिहितो हे कळायचं नाही, पण अक्षर चांगलं होतं माझं.

इंग्रजीला उमरे सर होते. बुटके, कायम सर्दी झालेले, हातात मोठा रुमाल. त्यांनी पाहिलं की ही पोरं शब्दांपाशीच बुडणार. म्हणून कुठल्याशा जुन्या पुस्तकातलं शास्त्रीय पद्धतीवरचं एक प्रकरण झेरॉक्स करून वाटलं. अकरा पानं. सर म्हणाले, ही अकरा पानं समजली तर पुढची सगळी पुस्तकं समजतील, कारण शहाणी माणसं फिरून फिरून हेच शंभरेक शब्द वापरतात.

त्या अकरा पानांचा मला जो वैताग होता, तो अजून गेलेला नाही. त्यात एक शास्त्रज्ञ होता. तो काहीतरी पाहायचा, ते ऑब्झर्व्हेशन. मग त्याला प्रश्न पडायचा. मग तो शांतपणे अंदाज बांधायचा, ते हायपोथेसिस. मग प्रयोग, मग निष्कर्ष. या सगळ्यात त्याला एकदाही कोणी हाक मारत नाही, की बैल सोड, की दळण आण. बायको नाही, आई नाही, बस चुकत नाही. अशा माणसाला शोध लागणारच. व्हेरिएबल, फेनॉमेनन, सिग्निफिकंट, कन्क्ल्यूजन... मी हे शब्द बसमध्ये पुटपुटायचो. कंडक्टरनं एकदा विचारलं, कोणाच्या नावाचा जप करून राह्यला?

पाठांतर चाललं असतं, पण उमरे सरांनी अट घातली. एक शब्द, एक चिठ्ठी. चिठ्ठीच्या एका बाजूला इंग्रजी शब्द, दुसऱ्या बाजूला त्याचा अर्थ दाखवणारं वाक्य, आपल्या बोलीत, आणि वाक्य आपल्या घरातलं पाहिजे. लंडनचं नको, पुण्याचं नको. ज्याला घरात तो शब्द सापडला नाही त्याला तो समजला नाही, असं सरांचं म्हणणं. मी घरभर पाहिलं. आमच्या घरात हायपोथेसिस नव्हतं.

ते ताईला सापडलं.

ताई माझ्याहून दोन वर्षांनी मोठी. दहावीला शाळेत पहिली आली होती. तिला अकरावीला का घातलं नाही, याबद्दल आमच्या घरात कधी काही बोलणं झालं नाही. जसं घराला एक खोली कमी का, यावर कोणी बोलत नाही. ती सकाळी वेचायला जायची, पोटाशी ओटी बांधून. दुपारी परत आली की गंजीवर पाय पसरून बसायची, केसांत कापसाचे तंतू, बोटांना बोंडांचे ओरखडे. माझ्या हातातली झेरॉक्स घ्यायची आणि डिक्शनरी मागायची. शब्द पाहायची, ओठ हलवायची, मग छताकडे पाहायची. मग लिहायची.

ऑब्झर्व्हेशनच्या मागे तिनं लिहिलं, आई साखर टाकते तवा बाबाच्या कपात आधी टाकते आन् आपल्या कपात चमचा नुसताच फिरवते. हायपोथेसिसच्या मागे, पुढच्या आठवड्यात भाव वाढन. व्हेरिएबलच्या मागे, पाऊस, भाव आन् बाबाचा राग. कॉन्स्टंटच्या मागे एकच शब्द, आई. दहा चिठ्ठ्या झाल्या की ती एकेकीची गुंडाळी करायची, काळ्या दोऱ्यानं बांधायची आणि मला विचारायची. आली तर गुंडाळी माझ्या हातात. नाही आली तर तीच गुंडाळी माझ्या डोक्यात.

आणि मी काय करायचो, तर आलेली चिठ्ठी खांद्यावरून मागे फेकायचो. गंजीत. शब्द पाठ झाला, संपला. त्यात मला मोठा पराक्रम वाटायचा. ताई ओरडायची, अरे बाल्या, कापूस हाय तो, उकिरडा नाही. मी म्हणायचो, सापडतील. कापसात पडलेली वस्तू सापडत नाही, हे आमच्याकडच्या शेंबड्या पोरालाही माहीत असतं. आईचं एक जोडवं, बाबांचं चष्म्याचं एक भिंग आणि मांजराचं एक पिल्लू त्या गंजीत गेलं होतं. पिल्लू तेवढं आपणहून परत आलं.

पण हे हिवाळ्याचं झालं. त्याआधी, पावसाळ्यातच, कंट्रोल हा शब्द आला होता. प्रकरणाचं चौथं पान.

मला तो काही केल्या समजेना. पुस्तकात दोन कुंड्या. एकीला खत द्यायचं, दुसरीला काही द्यायचं नाही. ती दुसरी कुंडी म्हणजे कंट्रोल. मी म्हटलं, जिला काही द्यायचंच नाही ती ठेवायची कशाला? ताई म्हणाली, वावरात चल.

त्या वर्षी पऱ्हाटीवर, म्हणजे कापसाच्या झाडांवर, अळी होती. होती म्हणजे किती, तर भोक नाही असं हिरवं बोंड दाखव आणि बक्षीस घे. बाबा दर आठ दिवसांनी पंप पाठीवर घेऊन औषध मारायचे. घरी आले की त्यांच्या सदऱ्याचा वास भाकरीला लागायचा. आई सदरा काठीनं उचलून बाहेर टाकायची. ताई त्यांना म्हणाली की एक ओळ सोडा. सुरुवातीला त्यांना समजलंच नाही. मग समजलं आणि ते भडकले. एक ओळ सोडायची म्हणजे अळीला आवतण द्यायचं, सगळ्या वावरात जाईल, कॉलेजात हेच शिकवतात का, वगैरे. मी लगेच मागे सरकलो. मी नेहमी योग्य वेळी मागे सरकतो.

ताई सरकली नाही. "बाबा," ती म्हणाली, "एक ओळ सोडल्याबिगर बाकीच्याले औषध लागू पडलं का नाही, हे तुमाले समजन कसं?"

बाबांनी पंपाचा पट्टा खांद्यावर चढवला. मग गेले, आणि बांधाकडची शेवटची ओळ सोडून फवारा मारला. ताईनं त्या ओळीच्या पहिल्या झाडाला काळा दोरा बांधला. तिच्या वहीत दर आठवड्याला दोन्हीकडची किडकी बोंडं मोजून लिहिलेली असायची. वहीवर माझं नाव होतं.

आणि मग एक दिवस ताई वावरातून तणतणत आली. सोडलेल्या ओळीवर कोणीतरी राख टाकली होती. चुलीतली, बारीक, चाळून घेतलेली राख, प्रत्येक झाडावर चिमूट चिमूट. चौकशीची गरज नव्हती. आमच्या घरात राख चाळणारं माणूस एकच. आई भाकरी थापत होती. ताई म्हणाली, तू माह्यी ओळ बिघडवली. कंट्रोलले काही द्यायचं नसते.

आईनं तव्यावरून नजर काढली नाही. "साऱ्या वावराले देता," ती म्हणाली, "आन् तिलेच काहून नाही? तिनं काय केलं?"

ताई हसायला लागली. इतकी हसली की खाली बसली. मीही हसलो. आई आमच्याकडे पाहत राहिली, हात पिठाचे. पुढे दर दोन-चार दिवसांनी राख पडतच राहिली. आई मायाळू होती आणि आईला विज्ञान कळत नव्हतं, असं मी पुढे कितीदा तरी चारचौघांत सांगितलं. लोक हसायचे. माझा हा हुकमी किस्सा.

दिवाळीच्या सुमाराला आईनं सीतादही केलं. पहिल्या वेच्याआधी पऱ्हाटीपाशी दिवा, हळदकुंकू, आणि दहीभात शिंपडायचा. दह्याचा आंबट वास आणि उमललेल्या बोंडांचा कोरडा, कागदासारखा आवाज. तिनं काळा दोरा बांधलेल्या झाडालाही दहीभात घातला. सगळा हिशेब लावला तर सोडलेली ओळ आणि फवारलेल्या ओळी यांत फरक निघाला नाही. सारखीच किडली. औषधानं काही केलं नाही, किंवा राखेनं औषधाइतकंच केलं. प्रयोग बिघडल्यानं निष्कर्ष निघेना. बाबांनी वही पाहिली, मिटली, परत दिली. त्या संध्याकाळी त्यांनी पंप धुतला नाही, तसाच ठेवला.

शब्दांची परीक्षा जानेवारीत होती. शंभर चिठ्ठ्या, त्यातले कोणतेही वीस शब्द सर विचारणार. मी नव्याण्णव फेकल्या होत्या. कंट्रोलची चिठ्ठी तेवढी ताईनं मला दिलीच नव्हती. विचारलं तर म्हणाली, लिहिली होती, हरपली कापसात, तूच लिही काहीतरी. तिच्या गोष्टी कधी हरवायच्या नाहीत. पण मला घाई होती. आणि सरांनी नेमका तोच शब्द विचारला. मी जागा कोरी सोडली. बाकीच्या एकोणीस वाक्यांवर सरांनी बरोबरच्या खुणा केल्या आणि कोऱ्या जागेपाशी लाल शाईनं लिहिलं, घरी विचार.

तास संपल्यावर त्यांनी मला थांबवलं. रुमालात नाक शिंकरून झाल्यावर म्हणाले, ही वाक्यं कोणाची? मी म्हटलं, माझी. ते वाट पाहत राहिले. त्यांना घाई नव्हती. शेवटी मी म्हटलं, ताईची. तेव्हा त्यांनी खिशातला एक कागद काढून त्यावर लिहून दिलं की सतरा नंबरचा फॉर्म भरून घरी बसून बारावीची परीक्षा देता येते, आर्ट्स घेतलं तर सोपं जाईल, इंग्रजीचं मी पाहतो.

तो कागद मी घरी नेऊन दिला, हे माझ्या आयुष्यातल्या थोड्या बऱ्या गोष्टींपैकी एक. ताईनं तो इतक्या वेळा उघडला आणि मिटला की घडीवर फाटला. बाबांना तिनं स्वतः विचारलं. बाबा त्या दिवशी बऱ्या मनात होते. म्हणाले, कापूस जाऊ दे, मंग भरू. मग ती रोज गंजीकडे पाहायला लागली. आपण नाही का एखाद्या झोपलेल्या माणसाकडे, आता उठेल, आता उठेल, म्हणून पाहत राहतो, तसं.

कापूस गेला मे महिन्यात. दोन बंड्या, म्हणजे बैलगाड्या, भरल्या. खरेदी केंद्रावर रांग, रांगेत बैल, माणसं, धूळ, गरम झालेलं पाणी. दुपारी आमचा नंबर आला. ग्रेडर म्हणजे कापसाची प्रत ठरवणारा माणूस. तो बंडीपाशी यायचा, कोपरापर्यंत हात खुपसायचा, मूठभर कापूस ओढून बोटांनी उकलायचा आणि एक शब्द बोलायचा. त्या एका शब्दासाठी माणसं वर्षभर राबायची. आमच्या बंडीत त्यानं हात खुपसला, मूठ बाहेर काढली, आणि तीत काळ्या दोऱ्याची गुंडाळी.

त्यानं ती उघडली. उलटी केली, सुलटी केली. पुन्हा हात घातला. दुसरी निघाली. तिसरी. लोक जमले. त्यानं एक मोठ्यानं वाचली, त्याला वाटलं गंमत आहे. "पुढच्या आठवड्यात भाव वाढन." रांगेतली माणसं हसली, पण लवकर थांबली. बाबा माझ्याकडे पाहत नव्हते. ते त्या चिठ्ठीकडे पाहत होते, स्वतःचं वाक्य परक्याच्या तोंडून ऐकल्यासारखे.

कापसात कागद, असं लिहून ग्रेडरनं खालची प्रत लावली. एक बंडी बाबांनी तिथंच दिली. दुसरी त्यांनी वळवली आणि घरी आणली. परतीच्या वाटेवर मी मागे बसून गुंडाळ्या शोधत होतो. रस्ता संपेपर्यंत चार सापडल्या. बाबा एकदाच बोलले, बैलांकडे पाहून. म्हणाले, अक्षर चांगलं हाय पोरीचं.

फॉर्मचं नाव नंतर कोणी काढलं नाही. बाबांनी काढलं नाही, ताईनं काढलं नाही, आणि मी तर मुळीच काढलं नाही. जुलैत तारीख आली आणि गेली. पुढच्या वर्षी ताई मुकुटबनला दिली. उमरे सर एकदा बसस्टँडवर भेटले, म्हणाले, भरला का फॉर्म? मी म्हटलं, पाहू. कोणता तरी फॉर्म भरायचा बाकी असला की मी 'पाहू' म्हणतो. ती माझी शास्त्रीय पद्धत.

परत आणलेल्या त्या बंडीतला थोडा कापूस आईनं माझ्या लग्नाच्या गादीसाठी ठेवला. तो तिनं स्वतः निवडला. अंगणात चादर टाकून, पुंजका पुंजका हातात घेऊन, कचरा काढून. एक काडी, एक पान, एक तुटका दोरा तिच्या बोटांतून सुटायचा नाही. तिच्या बोटांना डोळे होते. चौथीपर्यंत शिकलेली होती ती. मराठी वाचायची, सावकाश, बोट ठेवून.

आणि गेल्या महिन्यात ताईचा फोन आला होता. धाकटीचं लग्न झालं, सासू गेली, आता दुपारी रिकामी राह्यतो मी, म्हणाली. "तू शाळेत हायस. तो सतरा नंबरचा फॉर्म अजून निंघते का रे? वयाचं काही नसते म्हणते." मी नळ्या धूत होतो. हसलो आणि म्हणालो, ताई, आता बारावी करून काय कलेक्टर होशीन? तीही हसली. मग मी म्हणालो, पाहू.

हे सगळं शब्बीरभाईच्या पोत्यावर बसून. त्यानं तेवढ्यात दोन चहा मागवले होते. करणी असो की इंग्रजी, माणूस हादरला आहे एवढं त्याला दिसत होतं. मी चिठ्ठी काढली. गाठ दातानं सोडवली. कागद घड्यांवर तपकिरी झालेला, पण निळी शाई जशीच्या तशी. एका बाजूला इंग्रजीत, वळणदार अक्षरात, कंट्रोल. दुसऱ्या बाजूला तिचं वाक्य.

ज्याले काही द्यायचं नसते ते. म्हंजे दुसऱ्याले देल्लं त्याचा फरक समजते. आमच्या घरी दोन लेकरं. बाल्याले कॉलेज. मी कंट्रोल.

मी ते दोनदा वाचलं. शब्बीरभाईनं विचारलं, काय लिहिलं हाय? मी म्हणालो, शब्दाचा अर्थ. तो म्हणाला, मग बराबर हाय का? मी म्हणालो, बरोबर आहे.

आईनं पुंजका पुंजका निवडलेल्या कापसात ही चिठ्ठी राहिली कशी? तिच्या बोटांतून सुटली, की वाचून तिनं ती आत ठेवली, हे विचारायला आता आई नाही. एवढंच आठवलं की ती म्हणाली होती, तिनं काय केलं? आणि आम्ही हसलो होतो. बाबांना पटवून ओळ सोडायला लावणारी ताई हसली, ते एक वेळ समजतं. ती कशाला हसली, ते आत्ता समजतं. मी मात्र हसून त्याचा किस्सा केला.

घरी आलो. बायको गादी नसलेल्या पलंगाच्या फळ्यांवर बसून तूर निवडत होती. गादीचं तिला कळलेलंच होतं. मला सांगू नका म्हणणाऱ्या शब्बीरभाईनं स्वतःच तिलाही फोन केला होता, करणीच्या भीतीनं. तिनं काही विचारायच्या आत मी चिठ्ठी तिच्या हातात दिली. तिनं वाचली. सूप बाजूला ठेवलं. पुन्हा वाचली. मग आपला फोन उचलून, नंबर लावून, माझ्यापुढे धरला.

ताईला मी सांगितलं की चिठ्ठी सापडली. कोणती, हे तिनं विचारलं नाही. "मले वाटलं ग्रेडरनं नेली," एवढंच म्हणाली. पलीकडून कोंबड्यांचा आवाज येत होता. मी म्हणालो, ताई, सोमवारी शाळेतून फॉर्मची माहिती काढतो, तारीख पाहतो, दाखल्याची झेरॉक्स तयार ठेव, मंगळवारी मीच मुकुटबनला येतो. तिनं नीट ऐकून घेतलं.

"तुले वेळ भेटन?" ती म्हणाली. टोमणा नव्हता तो. ती खरंच विचारत होती. टोमणा असता तर बरं झालं असतं.

भेटन, म्हणालो. मग ती इंग्रजीच्या पेपराबद्दल विचारायला लागली, पुस्तकं बदलली का, जुनी डिक्शनरी चालन का, आणि तिचा आवाज हळूहळू गंजीवरच्या आवाजासारखा होत गेला, दुरून आलेला आणि उबदार. फोन ठेवल्यावर मी चिठ्ठीची पुन्हा गुंडाळी करायला लागलो. जुन्या घड्या होत्या, आपोआप मिटत होती. दोरा शोधत होतो.

ही सूप पुन्हा मांडीवर घेऊन माझ्याकडे पाहत होती. शेवटी म्हणाली, "परवा गादी येईन, तवा ते चिठ्ठी परत तिच्यात घालू नका. बावीस वर्षं झोपले तुम्ही तिच्यावर. आता सोमवारी उठा."